तोरंजनाचा अर्क

"धवां नको, दादा! धवां कडू!"

पेडण्यात उतरून मी पायही धुतले नव्हते, तोच शैला माझ्या हातातल्या सुरीवर ओरडली. शैला माझी मावसबहीण, लग्न होऊन इथे आलेली. तोरंजन (पपनस) सोलताना सालीखाली जो पांढरा, कापसासारखा थर लागतो तो 'धवां'. तो केकसाठीच्या अर्कात उतरला की केक तोंडात धरवत नाही. मग मी साल अशी पातळ काढली, की तिच्यातून म्हापशाची बस दिसली. कंडक्टरसकट.

शैला हसली नाही. टोपलीतली तोरंजनं त्या झाडाची शेवटची होती. बांधावरचं झाड रस्ता रुंद करताना गेलं, डांबराच्या कडेला बुंधा तेवढा राहिला. तिच्या मुलीला, वेदिकाला, पोर्तुगालला नोकरी लागली होती. चैत्रात निघायचं होतं. दर वाढदिवसाचा तिचा बाथ (रवा-खोबऱ्याचा केक) याच झाडाच्या वासाचा.

"जाताना तोच करून दी म्हणता," शैला म्हणाली. "दुसरा काय एक मागूक नाय पोरीन."

दुसऱ्या दिवशी फेणी आणायला मी डिचोलीकडे गेलो. वाटेत खाणींची लाल धूळ इतकी अंगावर आली, की माझ्या शर्टातून एखादा ट्रकभर माल सहज निघाला असता. भट्टीवाल्या काकांनी गर्राफांव (पोटफुगी काचेची बुधली) पुढे ओढली.

"पिवपाक?"

"नाही, सालींवर ओतायला."

"फेणयेन सालां न्हाणयता तुमी?" ते म्हणाले. चव बघायला झाकणभर दिली. ती घशाखाली उतरताना मला पणजोबांची मुंज दिसली, पंगतीसकट. नंतर हॉटेलात पातळभाजी आणि उंडो (बाहेरून कडक पाव) खाल्ल्यावर मी वर्तमानात परतलो.

संध्याकाळी साली बाटलीत भरल्या, बुडतील एवढी फेणी ओतली, बूच घट्ट लावलं. उरलेली फेणी दुसऱ्या बाटलीत. दोन्ही कपाटात, अंधारात. शैला रोज सालींची बाटली हलवणार होती. काही आठवडे गेले, की साली गाळून टाकायच्या. मी घरी परतलो आणि भेटेल त्याला सांगत सुटलो, की गोव्यात मी अत्तराचा कारखाना काढलाय.

चैत्रात वेदिकाला निरोप द्यायला पुन्हा गेलो. रवा आणि खोबरं रात्रीपासून मुरत होतं, ओव्हन तापला होता. शैलाने कपाट उघडलं. फेणीची बाटली जागेवर होती. अर्काची नव्हती. ती मोरीपाशी धुऊन पालथी घातलेली सापडली.

"ह्या कोणी केलां?"

तिचे सासरे, तात्या, पडवीत सुपारी कातरत होते. त्यांनी हात थांबवला नाही. "मियां नेलंय. देवचाराक."

देवचार म्हणजे शिवेचा राखणदार. वर्षातून एकदा त्याला रोट, केळं आणि दारू ठेवतात. तात्यांनी दारू म्हणून तो अर्क तोरंजनाच्या बुंध्यापाशी ओतला होता.

"फेणी बाजूकच होती, तात्यांनू! पोरीच्या बाथाचो अर्क तो! आता खंयसून हाडू?"

तात्यांनी पुढची सुपारी घेतली. शैला ओव्हनसमोर तशीच उभी राहिली. शेवटी वेदिकाच म्हणाली, "आई, वेलची घाल गो. चलता."

वेलचीचा बाथ चांगला फुगला. माझी जीभ गप्प राहण्याचा तो पेडणे तालुक्यातला पहिला प्रसंग असावा. वेदिकाने आपला तुकडा डब्यात ठेवला. झाकण लावण्याआधी वाकून वास घेतला, आणि लावलं.

ती गेली. मीही निघालो. बसपर्यंत तात्या आले. प्रवासातून मी नेहमी काहीतरी बाटलीत भरून नेतो. या वेळी रिकाम्या हाताने परतत होतो, आणि घरी काय फुगवून सांगावं हे सुचत नव्हतं. बुंध्याजवळ केळीचं पान वाळून पडलं होतं. ट्रक गेला की ते हलायचं. मला राहवलं नाही.

"तात्या, बूच काढल्यावर वास आला असेल ना? तेव्हाच कळलं असेल तुम्हाला."

"कळला."

"मग देवचाराला तीच का ओतलीत?"

"झाड तेचां होतां."