दोरावर टाकायचं घोंगडं

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग उत्तर सिक्कीमला होती. मी हवालदार, एमटी प्लाटूनचा, म्हणजे गाड्यांचा माणूस. बावीस वर्षं फौजेच्या गाड्या चालवल्या, फसलेल्या काढल्या. म्हणून जावयांनी नवी एसयूव्ही घेतली आणि "मामा, ऑफ-रोडचं सामान बसवायचंय, तुमी चला" म्हणाले, तेव्हा मी साडेआठलाच बीडच्या गॅरेजसमोर हजर. गॅरेज उघडतं दहाला. जावई अन् लेक तेव्हाच आले.

गाडी जावयाची, पण चालवणार जास्त करून माझी लेक शीतल. ती जनावरांची डॉक्टर. लिंबागणेशच्या पुढं वस्त्यांवर जाते, एकटीच. पावसाळ्यात तिथली काळी माती टायर सोडत नाही. माझा सगळा जीव तिच्यात अडकलेला.

जावईबापूंची यादी मोबाईलमध्ये तयार होती. छतावर लाईटची पट्टी, पुढं लोखंडी गार्ड, मागं शिडी.

"शिडी कशाला?" मी विचारलं.

"लूक येतो, मामा."

जावई म्हणून गप्प बसलो. रंगरूट असता तर पाठीवर सामानाचा पिठ्ठू बांधून ग्राउंडला दहा चकरा मारायला लावल्या असत्या.

फिटर शकीलभाईच बोलला, "गार्ड मी न्हाई लावत. कायद्यानं बंद हाय, अन् एअरबॅगचा घोळ व्हतो ते येगळंच."

मग मी माझी यादी सांगितली. हवा मोजायचं गेज. हवा भरायचा छोटा पंप, कारण चिखलात टायरची हवा कमी करायची आणि डांबरावर आलं की परत भरायची. फावडं. किती वजन पेलतो ते लिहिलेला ओढायचा पट्टा. दोन शॅकल, म्हणजे पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या. पट्टा चॅसिसच्या हुकातच अडकवायचा. बंपरला अडकवला तर बंपर हातात येतो. शीतलनं सगळं स्वतः अडकवून, सोडवून पाहिलं. शेवटी मी पिशवीतून घरचं जुनं घोंगडं काढलं आणि डिकीत ठेवलं.

जावई हसले. "नव्या गाडीत घोंगडं? कावून, मामा? शेरडं न्यायचीत का?"

शीतल हसली नाही. "अण्णा, कशाला हे?"

इतकी वर्षं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ते त्या गॅरेजच्या बाकड्यावर सांगितलं.

सिक्कीममधली गोष्ट, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. रेशनची वन-टन गाडी नाल्यात फसली होती. माझ्याबरोबर नायक भानुदास, आपल्या धर्मापुरीचा, जिल्ह्यातला म्हणून माझा जरा जास्तच लाडका. आम्ही दुसऱ्या गाडीचा वायर रोप, म्हणजे तारेचा दोर, वन-टनला लावला. नियम असा की ताणलेल्या दोराच्या मधोमध कांबळं टाकायचं. दोर तुटला तर कांबळ्याच्या वजनानं तो खाली बसतो, उडत नाही. कांबळं होतं माझं. वरून बर्फमिश्रित पाऊस.

भानुदास म्हणाला, "उस्ताद, कांबळं?"

"राहू दे बे. भिजलं तर रातच्याला काय पांघरू?"

हे माझे शब्द. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

भानुदास ड्रायव्हरला हातानं खुणा करायला दोराजवळ उभा राहिला. मी त्याला हटवलं नाही. एक वीसला हूक तुटला आणि दोर सरळ त्याच्या छातीवर आला.

मी रेडिओवर बोललो, "कॅज्युअल्टी एक. डॉक्टर पाठवा. ओव्हर."

"रॉजर. चाळीस मिनिटं लागतील."

त्याला वीससुद्धा मिळाली नाहीत. कोरडं राहिलेलं कांबळं मी त्याच्या अंगावर घातलं.

गॅरेजमध्ये शकीलभाईनं चहा सांगितला. जावईबापूंनी मोबाईल खिशात टाकला. शीतलनं घोंगड्याची नीट घडी घातली आणि पट्ट्याच्या वर ठेवली, आधी हाताला लागेल अशी.

"आपल्याकडं गाडी फसली की अर्धं गाव बघायला जमतं, माय," मी म्हणालो. "सगळ्यांना हटवायचं. पट्ट्याच्या लांबीच्या दुप्पट लांब. कुणाला राग आला तर येऊ दे."

आषाढात एके सकाळी सव्वाअकराला तिचा फोन आला. ओढ्यात गाडी फसली होती, ट्रॅक्टरनं ओढून काढली.

"घोंगडं टाकलंस?"

"टाकलं. लोक लई हसले."

"हटले का?"

"कुठं हटतेत! सरपंचाच्या भावाला म्हणलं, हट बे मागं. तवा समदे हटले."

"अन् पट्टा?"

"शाबूत हाय. काय बी झालं न्हाई, अण्णा."

मी फोन ठेवला आणि ओट्यावर बसून रडलो. लई बरं वाटलं.

रविवारी ती गाडी घेऊन घरी आली. घोंगडं चिखलानं जड झालेलं, उचलवेना. ते मी धुवायला कुणाला दिलं नाही. चार बादल्या पाणी लागलं. दांडीवर टाकलं आणि त्यातून पाणी गळत होतं तोवर तिथंच उभा राहिलो. नायक भानुदास, वय सव्वीस, राहणार धर्मापुरी. माझं कांबळं त्या दिवशी असंच भिजायला पाहिजे होतं.