उस्तादांची उजवी बाजू

धाडच्या आमच्या उस्तादांना बिघडलेली मोटारसायकल बघावी लागत नसे, ऐकावी लागे. गाडी चालू करायला सांगून ते डोळे मिटत, मान जराशी तिरकी करत आणि म्हणत, "वॉल्व्ह घासून राह्यला." खोलून बघावं तर तेच निघे. बाजाराच्या दिवशी लोक नुसती ही गंमत पाहायला त्यांच्या गॅरेजपाशी रेंगाळत.

मी गावातल्या शाळेत नवा शिक्षक होतो आणि त्यांच्याच माडीवर भाड्यानं राहत होतो. त्यांनी मला लावलेलं वेड मात्र गाड्यांचं नव्हतं, गोल्फचं होतं. तरुणपणी काही वर्षं ते एका छावणीच्या गोल्फ मैदानावर गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत. तिथून परतताना साहेबांनी टाकून दिलेल्या तीन काठ्या ते घेऊन आले. सोयाबीन निघालं की गॅरेजमागच्या रिकाम्या वावरात डबा पुरून आम्ही खेळायचो. येणारे-जाणारे हसत. "हसू दे, मास्तर," उस्ताद म्हणत. "साहेब लोकं याच्यासाठी विमानानं जातात. आपन तं पायी आलो."

खऱ्या हिरवळीवर मात्र ते कधीच खेळले नव्हते. सोमवारी बाहेरच्यांना थोड्या पैशात छावणीच्या त्या मैदानावर खेळू देतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि दिवाळीच्या सुट्टीत जायचं आमचं ठरलं. उस्तादांच्या बायकोनं, चाचींनी, भाकरी आणि ठेचा बांधून दिला. काठ्या बारदानात गुंडाळल्या. मुक्काम तिथल्या दर्ग्याजवळच्या मुसाफिरखान्यात. एसटीपेक्षा पेट्रोल स्वस्त पडेल म्हणून प्रवास त्यांच्या मोटारसायकलवर, आणि चालवणार तेच, कारण मला गाडी चालवता येत नव्हती. निघताना त्यांनी मला एक काम दिलं. "उजवीकडचं तू सांगत जा." मला मागं बसून झोप लागू नये, म्हणून असेल, असं मला वाटलं.

भोकरदनच्या पुढं उजवीकडच्या शेतातून कापसाची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर रस्त्यावर आला. मी मक्याकडे बघत होतो. आमचा आरसा ट्रॉलीला घासून तुटला. उस्तादांनी गाडी कडेला घेतली, तोंड पुसलं आणि पाणी पिऊन ते एवढंच म्हणाले, "तू बोलला नाही." आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. पुढे सगळा रस्ता मी बैलगाडी, कुत्रं, पोरं, वळण, जे दिसेल ते सांगत राहिलो. मनात काहीतरी खटकलं होतं. पण सहल सुरू झाली होती आणि मला ती हवी होती.

मैदानावर उस्ताद पोरासारखे झाले. पहिला फटका सणसणीत बसला. "पडला कुठं?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं. पुढच्या प्रत्येक फटक्याला तोच प्रश्न. मध्येच गवत कापायचं यंत्र जवळून गेलं, तेव्हा त्यांनी कान टवकारले. ब्लेड ढिलं झाल्याचं माळ्याला सांगून ते स्वतःच आवळून दिलं. माळ्यानं खूश होऊन झुडपांत सापडलेले चार चेंडू आम्हाला दिले. एवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या खड्ड्यापाशी चेंडू त्यांच्या उजव्या पायापासून हातभर अंतरावर होता. ते तो शोधत पुढं गेले, थांबले, परत फिरले. मी नुसता बघत राहिलो. मग पाय लागला तेव्हा त्यांना तो सापडला. त्यांनी माझ्याकडे अख्खी मान वळवून पाहिलं.

झाडाखाली भाकरी खाताना त्यांनी सांगितलं. काचबिंदू. उजवा डोळा गेलेला. डाव्यानं नळीतून पाहिल्यासारखं दिसे. जालन्याच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती, आणि गेलेली नजर परत येत नाही हेही सांगितलं होतं. गाडी इथंच ठेवून एसटीनं जाऊ, असं मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही.

"घरी सांगू नको, मास्तर. चाची चावी लपवल. गिऱ्हाईक गाडी देनार नाही. मंग मी काय करू, बसून राहू?"

मी शब्द दिला. येताना घसा कोरडा पडेपर्यंत उजवी बाजू सांगत आलो.

त्यानंतर शाळा सुटली की ते जिथं जात तिथं मी काहीतरी निमित्त काढून मागं बसू लागलो. त्यांना ते समजत होतं. मग वार्षिक परीक्षा आल्या. एका दुपारी मी वर्गात पर्यवेक्षणाला असताना ते सुटे भाग आणायला एकटेच देऊळगाव राजाला निघाले. पुलाच्या वळणावर उजवीकडून टेम्पो आला. दवाखान्यापर्यंत ते पोहोचले नाहीत.

चार दिवसांनी चाचींनी मला बोलावलं. दुखवट्याच्या रिवाजानं त्या पडद्याआड होत्या. हत्यारांच्या पेटीत सापडलेली थेंबांची बाटली त्यांनी बाहेर सरकवली आणि ही कशाची दवा, असं विचारलं. मी सगळं सांगितलं, मैदानावरचा शब्दही.

"त्यायले दिसत नव्हतं, बेटा," त्या म्हणाल्या. "तुले तं दिसत होतं."

ती खोली मी अजून सोडलेली नाही. चाची भाडं घेतात, ईदला शीरखुर्मा वर पाठवतात, माझ्या तब्येतीची चौकशी करतात. त्या दिवसाबद्दल त्या पुन्हा कधीच बोलल्या नाहीत.