स्टेन डिपॉझिट

“देवराव, हा स्टेन फेकून द्या! स्लाइडभर नुसता कचरा आहे.”

“बाई, सकाळीच गाळला न जी मी,” देवराव म्हणाले. ते माझे टेक्निशियन, वयानं माझ्यापेक्षा मोठे. पण मी ऐकतेय कुठली! धंतोलीत पॅथॉलॉजीची लॅब थाटून सात वर्षं झाली होती, आणि आपल्याला सगळं कळतं असा ताठा आला होता.

स्टेन म्हणजे रक्तातल्या पेशी दिसाव्यात म्हणून काचेवर ओततात तो रंग. सत्तरच्या दशकात तो आम्ही लॅबमध्येच बनवायचो. नीट गाळला नाही की त्याचा साका काचेवर बसायचा. त्याला म्हणायचं स्टेन डिपॉझिट. खरं सांगायचं तर जे कळलं नाही, तेही आम्ही याच नावावर खपवायचो.

बाहेर बाकावर चार वर्षांची पोर आईच्या पदरात तोंड खुपसून बसली होती. उजेड सोसत नव्हता तिला. दर महिन्याला ताप, अंगावर गळवं. औषधानं उतरायचं, पुन्हा यायचं. केस राखेत चांदी मिसळावी तसे.

“एकडाव सांगून द्या न बाई, माह्या पोरीले काहून सारखा ताप येते ते,” आई म्हणाली. उमरेडकडून आली होती बिचारी.

देवरावांनी नवा स्टेन केला. पोरीचं बोट पुन्हा टोचलं. तिनं लॅब डोक्यावर घेतली. आणि स्लाइडवर तेच! मी तोंड उघडणार, तेवढ्यात देवरावांनी दुसरी स्लाइड पुढे केली.

“हे माह्या सोताच्या रक्ताची. त्याच बाटलीतला स्टेन. पाहा.”

लख्ख होती.

मी चपापले. पोरीची स्लाइड परत लावून फोकस हळूहळू फिरवला. साका पेशींच्या वर बसतो. हे दाणे पेशींच्या आत होते. जवळजवळ प्रत्येक पांढऱ्या पेशीत. बाप रे!

पांढऱ्या पेशीत लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्या असतात. पेशीनं जंतू गिळला की त्या त्याला पचवतात. या पोरीच्या पिशव्या एकमेकींत मिसळून मोठाले गोळे झाले होते. जंतू गिळला जायचा, पण मरायचा नाही. दोन परदेशी डॉक्टरांच्या नावाचा हा आजार मी फक्त पुस्तकात वाचला होता. आई आणि बाप, दोघांकडून दोष आला तरच तो होतो.

मी आईला आत बोलावलं. “नवरा नात्यातला का?”

“आतेभाऊच न. आमच्यात असंच देतेत.” मग म्हणाली, “थोरल्या पोराचे केसही असेच होते. त्याचं रगत इथंच तपासलं होतं.”

शंकेच्या स्लाइड्स आम्ही खोक्यात जपून ठेवायचो. देवरावांनी पाच वर्षांपूर्वीची ती शोधून काढली. तेच गोळे. रजिस्टरात माझंच अक्षर: ‘स्टेन डिपॉझिट. रक्त पुन्हा पाठवावे.’ खाली माझी सही!

“मग पुन्हा का नाही आणलंत त्याला?”

“त्याच हप्त्यात गेला न तो.”

मी तिला समोर बसवलं. मग सगळं सांगितलं. यावर औषध नाही. पुढच्या मुलालाही होऊ शकतं. आणि हे मी पाच वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. “चूक माझी आहे,” म्हटलं.

तिनं मांडीवरच्या पोरीचे केस कुरवाळले.

“तवाच सांगतलं असतं त आमी दुसरं होऊच देलं नसतं,” ती म्हणाली. “मंग हे कुठून भेटली असती मले?”

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोर आणखी दोन वर्षं जगली. तिसरं मूल त्यांनी होऊ दिलं नाही.

देवरावांची मी त्याच दिवशी माफी मागितली. धडा म्हणाल तर एवढाच: टेक्निशियनवर ओरडण्याआधी फोकसचा स्क्रू फिरवून पाहावा. तीन सेकंद लागतात.