सीनेपलीकडचं लुगडं

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आमची सेक्शन भिंगारहून कर्जत तालुक्यात, सीना नदीच्या काठावर लावली. काम एकच. अलीकडे हिंदुस्थान, पलीकडे निजामाचं राज्य. हत्यारबंद टोळ्या अलीकडे येऊ द्यायच्या नाहीत. मी नाईक, हाताखाली नऊ जवान. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे बंदुका घेऊन मोर्चावर सज्ज, सहाला चहा, मग दिवसभर कोरड्या नदीकडे बघत बसायचं.

मी संगमनेरचा. सरहद्द म्हणजे तारा, खांब असं काहीतरी असेल असं मला वाटायचं. इथं तर बाया कडेवर पोर घेऊन परमुलखात जात आणि तेल-मिरची घेऊन जेवणवेळेला परत येत. पलीकडे आपल्या कलदार रुपयाला त्यांचे हाली पैसे जास्त मिळत, म्हणून बाजार स्वस्त पडे. आता यांना अडवायचं की सोडायचं? वर विचारलं. उत्तर आलं, डोकं वापरा. नेमकं तेच चालत नव्हतं.

भानुदास माझ्या सेक्शनचा शिपाई, त्याच तालुक्यातला, बावीस वर्षांचा. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं. आपल्याकडे कापडाला हात लावायची सोय नव्हती, पलीकडे चांगलं लुगडं बरंच स्वस्त मिळतं म्हणून तो माझ्या मागेच लागला. शेवटी मंगळवारच्या बाजाराला मी त्याला सोडला. वर्दी उतरवून, धोतर-टोपीत. हे नियमात बसत नव्हतं, आणि दोष सर्वस्वी माझा. निघताना मी विचारलं, नाक्यावर नव्या कापडाची जकात घेतात म्हणे, मग स्वस्त कसलं? तो हसला.

"ते माझ्यावर सोडा, नाईक."

मी सोडलं. पहाऱ्यावरच्या संत्रीला सांगून ठेवलं, पांढरी टोपी दिसली की आपला माणूस.

साडेचारला वायरलेस बोलला. "तांबडे फेटेवाले, हत्यारबंद, नदीकडे येताहेत. अडवा. ओव्हर."

पाच वाजून दहा मिनिटांनी समोरच्या बाभळीतून एक माणूस पात्रात उतरला. डोक्याला तांबडा फेटा, खांद्यावर लांब काहीतरी. मी ओरडलो, थांब! वारा त्याच्याकडून आमच्याकडे होता, त्याला काय ऐकू जाणार? त्यानं खांद्यावरचं हातात घेतलं आणि आमच्या दिशेला उचललं.

"फायर," मी म्हणालो.

संत्रीनं एकच गोळी झाडली.

जवळ गेलो. हातात काठी होती. आम्हाला बघून त्यानं ती खुशीत हलवली असणार. टोपी बंडीच्या खिशात. फेटा सोडला तर नऊवारी लुगडं. नाका चुकवायला त्या भागात सगळेच नवं लुगडं असं डोक्याला गुंडाळून आणतात. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक, आणि मला शहाण्याला नव्हतं. ती टोळी काही आलीच नाही. होती की नव्हती, देव जाणे.

रिपोर्टात 'शत्रूच्या गोळीने' असं लिहिलं गेलं. मी गप्प बसलो. सांगायला लाज वाटते, पण बसलो.

तेरावं झाल्यावर त्याच्या घरी गेलो. वडील ओसरीवर होते. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाले.

"शत्रू म्हंजी कोन, नाईक?" त्यांनी विचारलं. "पल्याडच्या गावात माजी थोरली लेक दिल्याली हाय. कुनाचा राग धरावा, तेवडं सांगा."

"माझा धरा, बाबा. मीच मारला त्याला."

ते जवळ सरकले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुमी बाजाराला सोडलं म्हनून मनाला लावून घेता व्हय? बहिनीसाठी त्यो जानारच हुता. असं बोलू न्हाई."

दुसऱ्यांदा सांगायची माझी छाती झाली नाही.