टीव्हीकडे पाठ केलेली खुर्ची

अण्णा गेले त्या सकाळी मुंबईचा ट्रंक कॉल लागता लागत नव्हता. शेजारच्या काकूंच्या घरी फोन होता, तिथे मी रिसीव्हर कानाला दाबून उभी. अखेर लागला, तर लाइनीत नुसती खरखर. "भरत, अण्णा गेले," मी ओरडूनच सांगितलं. पलीकडून माझा धाकटा भाऊ अगदी सावकाश म्हणाला, "आक्का, परत सांग." मी परत सांगितलं. काकू हळहळल्या, "लाइन खराब हाय वाटतं." मी मान हलवली. लाइन खराब होतीच, पण भरतला पहिल्या वेळीच ऐकू गेलं होतं, हे मला ठाऊक होतं. का, ते सांगायचं तर आमच्या वडिलांपासूनच सुरुवात करावी लागेल.

राजारामपुरीत अण्णांचं काजूचं दुकान. आजऱ्याहून पोती यायची, ती निवडण्यात आणि गिऱ्हाइकांशी वाद घालण्यात त्यांचा दिवस जायचा. आवाज असा की चौकातल्या रिक्षावाल्यालाही कळावं, अण्णा आज कुणावर तापलेत. पण तोंडात कायम पान. त्यामुळे आवाज पोचायचा, शब्द मात्र निम्मे गालातच राहायचे. आणि "काय म्हणालात?" असं त्यांना विचारायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. "कान घरात ठेवून आलायस काय?" हे ठरलेलं उत्तर. म्हणून अण्णांनी काहीही सांगितलं की आधी "व्हय अण्णा" म्हणायचं, आणि मग स्वयंपाकघरात आई, मी आणि भरत अशी बैठक बसायची. ते नेमकं काय म्हणाले असतील? एकदा भरत असाच "व्हय अण्णा" म्हणून एसटीत बसला आणि आजऱ्याला जायचं सोडून नेसरीला जाऊन आला. रिकाम्या हातानं परतल्यावर बोलणी खायची ती खाल्लीच त्यानं. पण दुसऱ्या दिवशी अण्णांनी दारातून काही सांगितलं, तर पुन्हा "व्हय अण्णा". आम्ही सगळेच असे. वडीलधाऱ्यांना दोनदा बोलायला लावणं म्हणजे उद्धटपणा, हे आमच्या हाडात मुरलेलं.

अशा घरातलं पोरगं विमान चालवायला शिकायला गेलं. अण्णांनी आडकाठी केली नाही, पण तेव्हापासून त्यांचं काहीतरी बिनसलं ते बिनसलंच. रेडिओवरच्या बातम्यांत विमान हा शब्द आला की त्यांचा काजू निवडणारा हात थांबायचा. वाक्य संपेपर्यंत ते श्वास धरून ऐकायचे आणि मग आईवरच ओरडायचे, "आवाज कमी कर की त्यो!"

आणि एके दिवशी भरत बॅग घेऊन दारात. चेहरा पार उतरलेला. मला गच्चीवर नेऊन त्यानं सांगितलं. शिकाऊ विमान धावपट्टीच्या अलीकडे उभं होतं. टॉवरवरून इंग्रजीत हुकूम आला, जागेवरच थांबा. खरखरीत याला काही कळलं नाही. आणि यानं काय करावं? "रॉजर", म्हणजे कळलं, म्हणून मोकळा झाला, आणि विमान पुढे घेतलं. शेजारी बसलेल्या शिक्षकानं ब्रेक दाबला म्हणून वाचले, कारण समोरून दुसरं विमान उतरत होतं. शिक्षक एवढंच म्हणाला, ऐकू आलं नाही तर परत सांगा म्हणायला शीक, त्याशिवाय इथं पाऊल टाकू नकोस. रेडिओवर बोलण्याची परीक्षा तोंडावर होती. ती गेली असती तर सगळंच गेलं असतं. "आक्का, तिथं बी माझ्या तोंडातनं व्हय अण्णाच निघालं बघ," भरत म्हणाला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

त्याच्याबरोबरच्या एका मुलाचा मामा परदेशी विमान कंपनीत होता. त्यानं प्रवासी विमानांच्या व्हिडिओ कॅसेट दिल्या होत्या. वैमानिक, टॉवर, त्यांचं खरंखुरं बोलणं. गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीतून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला. व्हीसीआर आला म्हटल्यावर आळीतली निम्मी मंडळी सतरंजी घेऊन हजर. पडद्यावर दोन गोरे कानाला डबडं लावून पुटपुटताहेत, एवढंच. थोड्या वेळानं काकू म्हणाल्या, "ह्यात हिरॉइन कवा येनार?" आणि एकेक करून सगळे उठले.

भरत खुर्ची टीव्हीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचा. चित्र दिसलं की माणूस अंदाजानं समजतो, विमानात अंदाज चालत नाही, असं तो म्हणे. मी बटण दाबून टेप थांबवायची, आणि त्यानं ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. तिथला नियमच तसा. ऐकणाऱ्यानं निरोप परत म्हणायचा, सांगणाऱ्यानं "बरोबर" म्हणायचं, तेव्हा तो पोचला. कळलं नाही तर "परत सांगा". सोपं वाटतं ना? भरतला इंग्रजी हळूहळू कळायला लागलं, पण जिथं कळायचं नाही तिथं त्याची मान आपोआप हलायची. मी मागून ती मान बघायची आणि टेप पुन्हा मागे घ्यायची. पोरगा एक दिवस ढगात असाच मान हलवेल आणि आपल्याला बातम्यांतून कळेल, ही भीती मला जेवताना, कपडे वाळत घालताना, कधीही गाठायची. आई रोज जैन बस्तीत जाऊन देवापुढे हात जोडून यायची. पोर पास व्हावं म्हणून जोडते की नापास व्हावं म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही.

अण्णांना कुणी काही सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी ते दुकानातून लवकर आले आणि दारातच थबकले. "ह्यो भिताडाकडं तोंड करून का बसलाय?" मी सगळं सांगून टाकलं. धावपट्टी, रॉजर, समोरचं विमान, सगळं. आता आभाळ फाटणार म्हणून मी भिंतीला टेकले. अण्णा आत आले, टीव्ही बंद केला आणि भरतच्या पाठीमागे उभे राहिले. "फिरू नगंस. बस तसाच." मग तोंडातल्या पानासकट काहीतरी पुटपुटले.

"व्हय अण्णा," भरत म्हणाला.

"काय सांगितलं मी?"

भरत वळू लागला, तसा अण्णांनी त्याचा खांदा धरला.

"मी काय बी सांगितलं न्हाय. नुसतं तोंड हलवलं." अण्णांचा आवाज कापत होता. त्यांचा आवाज कापताना मी तोवर ऐकला नव्हता. "आन् तू व्हय म्हनालास. माझ्यामुळं मरशील की रं..." ते मोरीत गेले, पान थुंकले, खळखळून चूळ भरली आणि परत येऊन उभे राहिले. "आता इचार. मला इचार."

भरतची मान हलता हलता थांबली. मग भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "अण्णा, परत सांगा." आमच्या घरात ते शब्द पहिल्यांदाच उमटले. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

त्यानंतर रोज दुकान बंद करून आले की अण्णा टॉवर व्हायचे. भरत परीक्षा पास झाला, पुढे प्रवासी विमानावर लागला. खुर्ची मात्र तशीच राहिली. घरात स्वतःचा टीव्ही आल्यावरही अण्णा तीत बसून बातम्या ऐकत, टीव्हीकडे पाठ करून. "बातम्या ऐकायच्या असत्यात, बघायच्या न्हाईत," म्हणत. पान मात्र त्या संध्याकाळनंतर भरत घरात असताना त्यांनी कधी तोंडात घातलं नाही.

या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि जीभ जड झाली. शब्द पार विरघळून यायचे. आणि आम्ही? आम्ही पुन्हा खाटेभोवती उभं राहून "व्हय अण्णा, व्हय अण्णा". पाणी मागत असतील म्हणून चमच्याने पाणी पाजायचो, ते संतापून तोंड फिरवायचे. भरत रजा काढून आला. खाटेशी बसला, कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. "अण्णा, परत सांगा." त्यांनी सांगितलं. "परत सांगा." आई कळवळली, "किती दमवशील त्यांना." तो हलला नाही. शेवटी कळलं. इतके दिवस ते एवढंच विचारत होते, भरतचं विमान कवा?

"उद्या सकाळी, अण्णा."

"उद्या... सकाळी," अण्णा म्हणाले.

"बरोबर," भरत म्हणाला. अण्णांनी डोळे मिटले आणि झोपले. मला वाटतं, झटका आल्यापासूनची त्यांची ती पहिली नीट झोप असेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी तो ट्रंक कॉल केला. दुसऱ्यांदा सांगितल्यावर भरत म्हणाला, "अण्णा गेले." जसंच्या तसं. आणि थांबला. खरखरीतून त्याचा श्वास ऐकू येत होता. आता माझी पाळी होती, निरोप पोचल्याचा एकच शब्द म्हणायचा होता. माझ्या तोंडून तो काही केल्या फुटेना. तेवढ्यात लाइन तुटली. दिवसकार्याला भरत आला, राहिला, गेला, पण तो शब्द आम्ही दोघांनीही काढला नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. खुर्ची अजून भिंतीकडे तोंड करूनच आहे. झाडताना सरकवते आणि पुन्हा तशीच ठेवते. काल संध्याकाळी बातम्या लागल्या होत्या. मी जाऊन त्या खुर्चीत बसले. मागे कुणीतरी काहीतरी सांगत होतं, मला त्यातलं काही कळत नव्हतं. समोरच्या भिंतीवर, ऐकता ऐकता अण्णा डोकं टेकायचे तिथं, तेलाचा डाग आहे. त्याच्याकडे बघत मी म्हणाले, "बरोबर."