झाडाची साखर

शेंद्र्यात सूर्यभानला गाठायचं असेल तर मोसंबीच्या बागेत जावं, आणि हाताशी भरपूर वेळ असेल तरच जावं. माणूस भारी बोलका. आलेल्याला बाजेवर बसवणार, चार-पाच मोसंब्या पिळून पेला पुढं करणार, आणि तो ओठाला लागायच्या आत ऐकवणार, "झाडाची साखर हाय ही. कारखान्याची न्हवं. ही बाधत नाय." शेजारी खरेच कारखाने उभे राहिले होते. निम्मं शिवार त्यांत गेलं, मुलगा बिभीषण तिथंच नोकरीला लागला आणि बायकोला घेऊन शहरात, पुंडलिकनगरात राहायला गेला. तेव्हापासून कारखान्यातून निघालेली कुठलीही वस्तू सूर्यभानच्या लेखी विषच होती.

म्हणून शहरातल्या, उस्मानपुऱ्याच्या डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला, तेव्हा गड्याला दुःख व्हायचं सोडून हुरूपच चढला. घरी आल्या आल्या त्यानं साखरेचा डबा उचलला आणि बांधावर मुंग्यांच्या वारुळापाशी नेऊन पालथा केला. मुंग्यांना दर शनिवारी गूळ-पीठ घालायची चाल त्याच्या घरात वडिलांपासून होती. त्या दिवशी त्यांना मेजवानीच मिळाली. निश्चय करावा तर सूर्यभाननं, असं गावभर झालं.

डॉक्टरांनी आणखीही बरंच सांगितलं होतं. ते त्याच्या बायकोच्या, मंजुळाबाईच्या, पक्कं ध्यानात होतं. फळ खा, पण चोथ्यासकट चावून खा, एका वेळी एकच. पिळून पिऊ नका. चोथा टाकला की साखर झपाट्यानं रक्तात उतरते. गूळ, मध, खजूर हे साखरेचेच सख्खे भाऊ समजा. पोट भरायचं ते ज्वारीच्या भाकरीनं, मटकीच्या उसळीनं, पालेभाजीनं. गोळ्या चुकवू नका. आणि पायांना जपा, रोज तळवे बघत जा.

यातलं 'फळ खा' एवढंच सूर्यभाननं घरी आणलं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे! चहा गुळाचा झाला. सकाळी रसाचा तांब्या, दुपारी खजूर, सीताफळं पिकली की टोपली पुढ्यात. गोळ्या देव्हाऱ्यामागं धूळ खात पडल्या. मंजुळाबाई बोलली की उत्तर तयार, "डागदरच म्हणला ना, फळं खा म्हणून?"

एक दिवस ती गोठ्यामागं झाडायला गेली. सूर्यभान पहाटे तिथल्या लिंबाखाली लघवीला बसायचा. त्या ओल्या जागेवर मुंग्यांचा थर साचला होता, माती दिसत नव्हती. मंजुळाबाईच्या हातातला खराटा थांबला.

तिच्या माहेरी, बापाच्या न्हाणीत अशाच मुंग्या लागायच्या. तेव्हा घरातले सगळे हसायचे, तीही हसायची. मग बापाचा अंगठा काळा पडला, मग बोटं, मग डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. दिवसभर शिवार पालथं घालणारा तो माणूस ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांकडे बघत राहायचा. ती नजर मंजुळाबाईला आजवर विसरता आली नव्हती.

तिनं हे सगळं नवऱ्याला सांगितलं. हात जोडले, रडलीसुद्धा. सूर्यभान हसला. "अगं, मुंग्या माणूस वळखत्यात. इतकी वर्सं खाऊ घातलं, आता भेटाया येत्यात बिचाऱ्या. पुण्य हाय ते." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

अशात नवरात्र आलं. सूर्यभानचा नेम जुना होता: घट बसले की दसऱ्यापर्यंत पायात चप्पल नाही, पोटात अन्न नाही, फक्त फळं, आणि रोज बागेतली ताजी मोसंबी देवीला. भाकरी सुटली, उसळ सुटली, उरला तो रस, खजूर आणि सीताफळ. त्याची जीभ सारखी कोरडी पडू लागली. तहान लागली म्हणून तो रस प्यायचा, आणि रस प्यायला की पुन्हा तहान लागायची. गालफडं बसली. गावात म्हणू लागले, यंदा उपास लई कडक धरलाय.

सून शीला देवीची ओटी भरायला म्हणून आली, तेव्हा ऊन मी म्हणत होतं. सूर्यभान अनवाणी, तापलेल्या फरशीवर निवांत उभा होता.

"मामा, पाय भाजत नाहीत का?"

"नाय! औंदा काईच लागत नाय बघ. काटा म्हन नाय, खडा म्हन नाय. देवीची किरपा."

शीलानं सासूकडे पाहिलं. "आत्या, उद्याच्या उद्या दवाखान्यात नेऊ त्यांना."

"दसरा झाल्याबिगर म्या गावाभायेर पाय टाकनार नाय," सूर्यभान म्हणाला, आणि रसाचा पेला सुनेपुढं धरला.

अष्टमीच्या दुपारी ती पाणी घेऊन बागेत गेली. शनिवार होता. सूर्यभाननं बांधावर गुळाचा खडा ठेवला होता आणि बाजेवर पडल्या पडल्या त्याला झोप लागली होती. खाली रसाचा पेला, तळाशी घोटभर उरलेला. वारुळातून मुंग्यांची ओळ निघाली होती. मंजुळाबाई तिच्या कडेकडेनं चालत आली. ओळ गुळापाशी थांबली नाही. पेल्यापाशीही थांबली नाही. बाजेच्या खुरावरून वर चढली आणि सूर्यभानच्या टाचेत शिरली.

टाचेत मोसंबीचा काटा मोडून बसला होता. भोवतीची कातडी पांढरी पडून उकलली होती, आत काळं दिसत होतं, आणि त्या काळ्यात वळवळ चालली होती. वास आला तशी तिनं पदर नाकाला लावला. सूर्यभान शांत घोरत होता.

ती खाली बसली, पदरानंच मुंग्या झटकू लागली. त्या मरायच्या, पण सुटायच्या नाहीत. ती ओरडली, "आवं, उठा! मुंग्या टाच खायला लागल्यात तुमची!"

सूर्यभान दचकून उठून बसला. आपल्या दोन्ही पायांकडे त्यानं आळीपाळीनं पाहिलं. झोपेनं धूसर झालेले डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. मग बायकोकडे वळून त्यानं विचारलं,

"कंच्या पायाची गं?"