आयसीयूबाहेरचा बाक आणि पप्पांची बुरशी

आयसीयूच्या बाहेर बसलं की किस्से आपोआप साचतात. आत काय चाललंय ते कळत नाही, मग माणूस बाहेरच्यांनाच बघत बसतो. पप्पा आत होते तेव्हा आमचा बाक ठरलेला. मी, काशीगावचे मोठे काका आणि पालीच्या फिलोमावशी. त्यांचा नवरा पप्पांच्या शेजारच्या बेडवर होता. त्या बाकाची अजून आठवण येते, खरंच.

*

काका म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. आमच्या घरात त्यांना आजवर कोणी उलटून बोललेलं नाही, त्यामुळे त्यांचं सगळं बरोबरच असतं. पप्पांना न्यूमोनिया. डॉक्टर दिसल्या की काका म्हणायचे, "जरा हेवी औषध द्या." औषध बदललं की बाकावर येऊन प्रमोशन मिळाल्यासारखं सांगायचे, "आता सगळ्यात वरचं चालू केलंय."

"आमच्यांना पन तेच हाय," फिलोमावशी म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला.

*

मग ताप परत चढला. डॉक्टर म्हणाल्या, रक्तात बुरशी सापडलीय, कॅन्डिडा.

"बुरशी? आमच्या घरात लोणच्यालासुद्धा येत नाही." काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हे आमचे अर्धे इंजिनिअर. कॉलेज सोडून लोळतायत. अंथरूण बघा याचं."

डॉक्टर हसल्या नाहीत. ही आपल्या सगळ्यांच्याच पोटात असते, म्हणाल्या. आयसीयूत जास्त दिवस पडलेल्या पेशंटमध्ये आम्हाला नेहमी दिसते. भारी अँटिबायोटिकने बाकीचे जंतू मरतात, हिला मोकळं रान मिळतं, आणि ती रक्तात शिरते. "बाहेरच्यांच्या हातांवरूनही जाते. आत येताना हात धुवा. यात माणूस दगावतो."

'हेवी' हा शब्द काकांनी पुन्हा काढला नाही.

*

हात मात्र धुतले नाहीत. "मी आंघोळ-पूजा करून आलोय," सिस्टरला म्हणाले.

"पूजा घरी, काका. इथे साबण."

"तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे मी."

"त्यांनापण धुवायला लावते."

एकदा तर रुमालातून अंगारा आणला. पप्पांच्या मानेतल्या नळीपाशी बोटं नेली, तेवढ्यात सिस्टरने मनगट धरलं. बाहेर येऊन काकांनी संस्कारांवर भाषण ठोकलं. मी म्हणालो, "काका, बुरशीला तुमचं वय कळत नाही." त्यानंतर काही दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बरे गेले ते दिवस.

*

फिलोमावशींचा नवरा गेला. तीच बुरशी. आम्हाला वाटलं, आता त्या कशाला येतील इकडे. माती झाल्यावर दुसऱ्याच दिवशी बाकावर हजर, हातात बोंबलाच्या कालवणाचा डबा.

"मावशी, तुम्ही कशाला आलात?"

"माजा मानूस गेला. तुमचा आत हाय ना अजून? जेवा."

बाहेरचं पाणीही न पिणारे काका मान खाली घालून जेवले.

*

पप्पांचा ताप उतरला, घशातली श्वासाची नळी निघाली. काका आत गेले, मागे मी. काका रस्त्यात भेटले तरी पप्पा वाकून नमस्कार करणारे. काकांनी सवयीने त्यांच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला. पप्पांनी उशीवरच डोकं बाजूला घेतलं. इतक्या दिवसांनी आवाज फुटला, खरवडल्यासारखा.

"दादा, आधी हात."

काकांनी सिस्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, बाह्या दुमडल्या आणि बेसिनपाशी गेले. कोपरापर्यंत साबण लावला. पाठमोरे उभे राहून धूत राहिले, धूतच राहिले.

"काका, झालं. पुरे," सिस्टर म्हणाली.

नळ चालूच होता.